वॉर्निंग आली की निघा: कॅलिफोर्नियातल्या वणव्यासाठी मराठी घराची तयारी

बे एरियात किंवा लॉस एंजेलिसच्या आसपास नवीन आला असाल, डोंगराच्या कडेला घर घेतलं असेल आणि उन्हाळ्यात आई-बाबांना भारतातून बोलवायचा बेत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. सरकारी माहितीपत्रकं भरपूर आहेत आणि चांगली आहेत. पण घरातला प्रत्येक मोठा माणूस गाडी चालवतो, मोबाईलवरचा इंग्रजी इशारा झटकन वाचतो आणि त्याचे सगळे कागद इथलेच असतात, असं ती धरून चालतात. आपल्यापैकी कितीतरी घरांत तसं नसतं.

ऑगस्ट २०२० मध्ये सांता क्रूझच्या डोंगरांत कोरड्या विजा पडून सीझेडयू ही आग लागली, तेव्हा आम्ही स्कॉट्स व्हॅलीत राहत होतो. त्या आगीत जवळजवळ १,५०० इमारती जळाल्या आणि सत्तर हजारांहून अधिक लोकांना घर सोडावं लागलं. आमच्याकडे तेव्हा एक गाडी, एक मांजर आणि सासू-सासरे. करोनामुळे विमानं बंद, म्हणून ते मार्चपासून इथेच अडकलेले. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं त्या वेळी कळलं. बाकीचं नंतर, दरवर्षी बॅग नव्याने भरताना.

सह्याद्रीत उन्हाळ्यात डोंगरउतारावरचं गवत पेटलेलं आपण लहानपणापासून पाहतो. त्या अनुभवावरून इथल्या आगीचा अंदाज बांधू नका. इथे आग वाऱ्यावर येते. उत्तरेकडे डायब्लो, दक्षिणेकडे सांता ॲना, दोन्ही वारे कोरडे आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे. जळते निखारे ते मैलभर पुढे नेऊन टाकतात. बहुतेक घरं ज्वाळेने पेटत नाहीत, छपरावरच्या पाल्यात किंवा पोटमाळ्याच्या जाळीत शिरलेल्या निखाऱ्याने पेटतात. ८ नोव्हेंबर २०१८ ला पॅराडाइज गावाजवळ आग लागली ती सकाळी साडेसहाच्या सुमारास. दीड-दोन तासांत ती गावात होती. ८५ माणसं गेली.

१. झोन नंबर आणि अलर्ट

आता काउंटी (म्हणजे जिल्हा प्रशासन) पत्त्यावरून नाही, झोनवरून घरं रिकामी करायला सांगते. जेनासिस प्रोटेक्ट या वेबसाइटच्या नकाशावर पत्ता टाका, तुमच्या झोनचा क्रमांक मिळेल. तो फ्रिजवर चिकटवा. बातम्यांत रस्त्यांची नावं नसतात, हेच क्रमांक असतात.

मग काउंटीच्या अलर्टसाठी नाव नोंदवा. सांता क्लारात अलर्टएससीसी, अलामेडात एसी अलर्ट, लॉस एंजेलिसमध्ये अलर्ट एलए काउंटी. फोनवर आपोआप येणारा तो कर्कश सरकारी अलर्ट वेगळा. तो फोनच्या सेटिंगमध्ये चालू आहे ना, एवढं पाहा. शिवाय वॉच ड्यूटी हे ॲप घ्या. ना-नफा संस्थेचं आहे, आणि वणव्याची बातमी माझ्या अनुभवात सगळ्यांत आधी तिथेच येते.

लोक इथे हमखास एक गोष्ट विसरतात. नाव फक्त नोकरी करणाऱ्यांचं नोंदवलेलं असतं. घरी असलेल्या सासूबाईंच्या फोनवर काहीच येत नाही. पाहुण्यांना इथलं सिम घेऊन द्या आणि त्यांचाही नंबर नोंदवा.

आणि अलर्ट आला नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ईटन कॅन्यनला आग लागली ती संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास. शेजारच्या आल्टाडीना गावाच्या पश्चिम भागाला घरं सोडण्याचा आदेश मिळाला पहाटे तीननंतर, आणि त्या आगीतले जवळजवळ सगळे मृत्यू त्याच भागात झाले. दोनच दिवसांनी चुकीचा अलर्ट पूर्ण लॉस एंजेलिस काउंटीच्या फोनांवर गेला. यंत्रणा दोन्ही बाजूंनी चुकते. फोन वाजला तर नकाशा उघडून खात्री करा. फोन गप्प असेल पण धूर दाट होत असेल, राख पडत असेल, तर निघा.

२. वॉर्निंग आणि ऑर्डर

इव्हॅक्युएशन वॉर्निंग म्हणजे धोका आहे, निघायची तयारी करा. ज्यांना वेळ लागतो त्यांनी आत्ताच निघा. इव्हॅक्युएशन ऑर्डर म्हणजे जिवाला धोका आहे, या क्षणी निघा, आणि त्यानंतर तो भाग बंद. रेड फ्लॅग वॉर्निंग याहून वेगळी: ती हवामान खात्याची. हवा कोरडी, वारा जोराचा, आग लागली तर पसरेल, एवढंच ती सांगते. त्या दिवशी गाडीत पेट्रोल भरा, इलेक्ट्रिक असेल तर पूर्ण चार्ज करा, कारण वीज कंपनी खबरदारी म्हणून लाइन बंद करू शकते. फोन आणि पॉवरबँकही तेव्हाच भरून ठेवा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अशीच वीज बंद ठेवली तेव्हा मरीन काउंटीतले निम्म्याहून जास्त मोबाईल टॉवर बंद पडले होते.

"ज्यांना वेळ लागतो" हे वाक्य आपण दुसऱ्या कुणाबद्दल तरी आहे असं समजून वाचतो. घरात गुडघ्यांचा त्रास असलेलं माणूस, तान्हं मूल किंवा पलंगाखाली दडणारी मांजर असेल, तर ते वाक्य तुमच्याबद्दल आहे. आमच्या घरात ऑर्डरची वाट पाहायची नाही, वॉर्निंग आली की निघायचं, हा नियम आहे. फुकट फेरी झाली तर झाली. घरात कुणी म्हणेलच की शेजारी अजून अंगणात उभे आहेत. असू देत. त्यांच्याकडे तीन गाड्या आहेत.

३. दुपारी दोन वाजताची योजना

सगळे घरी असताना रात्री कसं निघायचं हे बहुतेक जण ठरवतात. कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता तुम्ही ऑफिसात, मूल शाळेत आणि घरी फक्त आई-बाबा असले, तर काय? ऑर्डर निघाली की पोलीस आत येणारे रस्ते अडवतात. "माझे आई-वडील आत आहेत" असं सांगून तुम्हाला सोडतीलच असं नाही. म्हणून योजना तुम्ही येणार नाही असं धरूनच करायची.

एक गाडीवाला शेजारी ठरवा, शक्य तर निवृत्त, दिवसा घरी असणारा. त्याला चहाला बोलवा, आई-बाबांची ओळख करून द्या, दाराचा कोड द्या. अनोळखी माणूस दार ठोठावून "चला" म्हणाला तर आपली म्हातारी माणसं त्याच्या गाडीत बसणार नाहीत, आणि बरोबरच आहे. भिडेपोटी हे मागायला जड जातं. पण मी विचारलं तेव्हा शेजारीणबाईंनी उलट त्यांच्या कुत्र्याची जबाबदारी आमच्यावर टाकली, आणि सौदा पक्का झाला.

आई-बाबांच्या खिशात इंग्रजीत लिहिलेलं एक कार्ड असू द्या: पत्ता, झोन क्रमांक, तुमचे दोघांचे नंबर, शेजाऱ्याचा नंबर, औषधांची नावं, ॲलर्जी. ९११ ला फोन केला की आधी पत्ता सांगायचा, मग "हिंदी" म्हणायचं. फोनवर दुभाष्या जोडून देण्याची सोय असते.

गॅरेजचं दार त्यांच्याकडून एकदा हाताने उघडून घ्या. वीज गेली की बटण चालत नाही. वर लोंबणारी लाल दोरी ओढून दार सुटं करावं लागतं. २०१७ च्या वणव्यांत काही माणसं गॅरेजातच अडकून गेली, त्यानंतर बॅटरी असलेली यंत्रं इथे सक्तीची झाली. पण भाड्याच्या जुन्या घरात जुनंच यंत्र असण्याची शक्यता जास्त.

आणि बाहेर पडायचे दोन रस्ते गाडीतून फिरून दाखवा. जीपीएस जवळचा रस्ता दाखवतं, आणि तो कधी कधी आगीच्याच दिशेने जातो.

४. कागदपत्रं

एक प्लास्टिकची झिपवाली फाइल, दाराजवळच्या कपाटात. त्यात:

- सगळ्यांचे पासपोर्ट, जुन्या व्हिसाचे पासपोर्टसुद्धा
- एच-१बी किंवा एच-४ असेल तर आय-७९७ (मंजुरीचं पत्र) ची मूळ प्रत. विद्यार्थी असाल तर आय-२०. ग्रीन कार्ड, ईएडी (कामाचा परवाना), ओसीआय जे असेल ते
- पाहुण्यांच्या आय-९४ चा (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीचा) प्रिंट, परतीचं तिकीट, व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड. मुक्काम वाढवायचा अर्ज केला असेल तर त्याची पावती. त्या वेळी सासू-सासऱ्यांचा अर्ज प्रलंबित होता, ती पावती हा त्यांच्या इथल्या मुक्कामाचा एकमेव कागद होता
- सोशल सिक्युरिटी कार्ड, जन्माचे आणि लग्नाचे दाखले, पदवीची मूळ प्रमाणपत्रं
- घराचा भाडेकरार, विम्याची पॉलिसी, गाडीचे कागद
- राहत्या पत्त्याचं ताजं वीजबिल

शेवटचा कागद क्षुल्लक वाटेल. पण परत आत सोडताना पोलीस पत्त्याचा पुरावा मागतात, आणि नवीन घरात आलेल्यांच्या लायसन्सवर जुनाच पत्ता असतो.

सगळ्याचे फोटो क्लाउडवर टाका. मूळ कागद मात्र घरच्या "फायरप्रूफ" पेटीत ठेवून निश्चिंत होऊ नका. त्या छोट्या पेट्या अर्ध्या-एक तासाच्या आगीसाठी असतात. वणव्यात जळालेलं घर तासन् तास धुमसतं, कारण ते विझवायला कुणी मोकळं नसतं.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. देवघरातले देव रुमालात गुंडाळून पर्समध्ये मावतात, देव्हारा राहू द्या. यावर घरात आधीच बोलून ठेवा, नाहीतर नेमका निघताना वाद होतो.

आणि आज संध्याकाळीच एक काम करा. फोनवर व्हिडिओ चालू करून पूर्ण घर फिरा. कपाटं, खण, स्वयंपाकघरातले डबे, सगळं उघडून दाखवा आणि बोलत जा: ही पैठणी, ही मिक्सर, हा लॅपटॉप, कधी घेतला, केवढ्याला. विमा कंपनी वस्तूंची यादी मागते. घर गेल्यावर चमचे किती होते हे कुणालाच आठवत नाही. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाचा विमा तुमच्या सामानाला लागू नाही. रेंटर्स इन्शुरन्स घ्या आणि त्यात बाहेर राहण्याचा खर्च धरला आहे का ते वाचा.

५. बॅग

इथे फार वेळ घालवू नका. दोन जोड सुती कपडे, पाणी, टॉर्च, एन-९५ मास्क, चार्जर, थोडी रोख रक्कम, चिवडा-लाडू. निवाऱ्यात जेवण मिळतं, पण शाकाहारी माणसाला पहिला दिवस ब्रेडवर काढावा लागू शकतो.

औषधं मात्र नीट. निदान दोन आठवड्यांची वेगळी काढा. भारतातून आणलेल्या गोळ्यांची ब्रँडची नावं इथल्या फार्मसीला कळत नाहीत. पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव आणि मात्रा कार्डावर उतरवा. "बीपीची पिवळी गोळी" कुणालाच उपयोगाची नाही. इन्सुलिनसाठी छोटी थंड पिशवी. चष्म्याची जादा जोडी, कवळी, श्रवणयंत्राचे सेल.

६. मांजर, कुत्रा आणि बाकीची मंडळी

"संध्याकाळी परत येऊच" असं म्हणून मांजरीपुढे जास्तीचं खाणं ओतून निघू नका. ऑर्डर आठवडाभर, कधी त्याहून जास्त राहते आणि मध्ये आत जाता येत नाही. कत्रिना वादळाच्या वेळी प्राण्यांना नेता येत नाही म्हणून कितीतरी लोक घर सोडायला तयार नव्हते. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला, आपत्तीच्या सरकारी योजनेत पाळीव प्राण्यांचाही विचार हवा. तेव्हा मदतीसाठी फोन केलात की "आमच्याकडे मांजर आहे" हे संकोच न करता आधीच सांगा.

मांजरीची पेटी माळ्यावर असेल तर आजच खाली काढा. दार उघडं ठेवून ती बैठकीच्या खोलीत महिनाभर राहू द्या, आत जुनी चादर, अधूनमधून खाऊ. पेटी दिसली की डॉक्टरकडे जायचं, हे एकदा मांजरीच्या डोक्यात बसलं की ती हाती लागत नाही. आमच्या ठमीला वॉशिंग मशीनच्या मागून काढताना सासऱ्यांचे दोन्ही हात ओरबाडले गेले. आता वॉर्निंगच्याही आधी, धुराचा वास आला की तिला बाथरूममध्ये कोंडतो. तिथे लपायला जागा नसते. पेटी मिळालीच नाही तर उशीचा अभ्रा चालतो. मांजर आत घालून तोंड धरायचं, तिला श्वास घेता येतो.

कुत्रा कितीही शहाणा असला तरी पट्टा लावूनच बाहेर काढा. सायरन, धूर, घाबरलेली माणसं, अशात शहाणा कुत्राही पळतो.

मायक्रोचिप बसवली म्हणजे काम झालं, असं नाही. चिपमध्ये फक्त क्रमांक असतो. तुमचा फोन नंबर त्या कंपनीच्या नोंदीत असावा लागतो. घर बदललं, नंबर बदलला, पण नोंद जुनीच, हे इतक्या वेळा होतं की हे वाचता वाचताच तपासून टाका. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, आठ दिवसांचं खाणं, औषध, मांजरीच्या मातीसाठी ॲल्युमिनियमचा वापरून फेकायचा ट्रे, आणि तुम्ही व प्राणी दोघंही दिसता असा फोटो. प्राणी तुमचाच आहे हे सिद्ध करायला तोच उपयोगी पडतो.

रेड क्रॉसच्या निवाऱ्यात पाळीव प्राणी सहसा माणसांच्या खोलीत चालत नाहीत. त्यांची सोय शेजारी किंवा काउंटीच्या प्राणी विभागाकडे होते, गाई-घोड्यांची बहुधा जत्रेच्या मैदानावर. ईटनच्या आगीत पॅसाडीना ह्युमेन या प्राण्यांच्या संस्थेने शेकडो प्राणी सांभाळले. हॉटेलात जायचं असेल तर फोन करून विचारा, आपत्तीच्या काळात बरीच हॉटेलं प्राण्यांची बंदी शिथिल करतात. पक्षी असतील तर त्यांना धूर माणसांच्या आधी बाधतो. त्यांना आधी हलवा.

प्राणी घरात अडकला असेल तर स्वतः अडथळा चुकवून आत जाऊ नका. काउंटीच्या ॲनिमल कंट्रोलला पत्ता आणि तो लपायची जागा सांगा. त्यांच्या माणसांना बंद भागात जाता येतं.

७. घरातून बाहेर पडताना

वेळ असेल तरच हे करायचं. नसेल तर माणसं, प्राणी, फाइल, औषधं आणि गाडी, बस.

दारं-खिडक्या बंद, पण कुलूप लावू नका, अग्निशामक दलाला आत शिरावं लागू शकतं. आपल्याला हे फार जड जातं, मला माहीत आहे. आतले-बाहेरचे दिवे चालू ठेवा, धुरात घर दिसतं. एसी बंद, गॅस मीटरपाशी बंद. मात्र एकदा बंद केलेला गॅस नंतर कंपनीच्या माणसाकडूनच चालू करून घ्यायचा. नळ आणि स्प्रिंकलर चालू ठेवून जाऊ नका. सगळ्यांनी तसं केलं की बंबांना पाण्याचा दाब मिळत नाही.

घराला लागून असलेल्या पाच फुटांत पेटेल असं काही नको. गाद्या असलेल्या खुर्च्या, काथ्याचं पायपुसणं, बार्बेक्यूचा सिलिंडर दूर न्या. आणि दारावरचं गुढीपाडव्यापासून वाळत पडलेलं आंब्याचं तोरण! ते तर उन्हाळा लागला की काढूनच टाका.

अंगावर सुती कपडे आणि बूट. नायलॉनची साडी आणि चपला नकोत. गाडीच्या काचा बंद, दिवे चालू, हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबलेलं.

८. कुठे जायचं आणि कुणाला कळवायचं

एक ठिकाण जवळचं आणि एक दीड-दोन तासांवरचं, दुसऱ्या दिशेला. दोन्हीकडच्या मित्रांना उन्हाळ्याआधीच विचारा: पाच माणसं आणि एक मांजर चालेल का? ॲलर्जी आहे का कुणाला?

तुम्ही सुरक्षित भागात असाल आणि ओळखीचं कुटुंब आगीजवळ असेल, तर "काही लागलं तर सांग" म्हणू नका. त्यावर कुणी काही सांगत नाही. "आमची खोली रिकामी आहे, मी सहाला गाडी घेऊन येते, मांजरीसाठी बाथरूम मोकळं ठेवलंय" असं म्हणा. महाराष्ट्र मंडळाच्या गटांवर मदतीचे हात पटकन जमतात, पण तिथे फिरणारे नकाशे बरेचदा जुने असतात. खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका.

भारतात टीव्हीवर पूर्ण कॅलिफोर्निया जळताना दिसतो. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ, आणि तुम्ही गाडी चालवत असताना पुणे, नाशिक, सांगलीहून फोन सुरू होतात. एका माणसाला प्रवक्ता करा. आमची नणंद हे काम करते. आम्ही तिला एक मेसेज टाकतो, ती बाकीच्यांना तोंड देते. फोन लागत नसला तरी मेसेज बहुधा जातो.

घर सोडावं लागलं नाही पण धूर आहे, असे दिवसही येतील. तेव्हा खिडक्या बंद, आणि घरात उदबत्ती, धूप, तळण, खमंग फोडणी नको. बॉक्स फॅनला मर्व्ह-१३ दर्जाचा, बारीक कण अडवणारा फिल्टर चिकटवून स्वस्तातलं शुद्धीकरण यंत्र घरी बनवता येतं. बाहेर जायचं तर एन-९५. साध्या कापडी किंवा सर्जिकल मास्कचा धुरात फारसा उपयोग नाही.

९. परतल्यावर

ऑर्डर उठल्याशिवाय जाऊ नका. राख विषारी असते. मुलं आणि प्राणी पहिल्या साफसफाईनंतरच आत, आणि प्राण्यांचे पंजे पुसा. राख झाडू नका, ब्लोअरने उडवू नका. ओलं करून पुसा. वीज गेली असेल तर फ्रिजमधलं टाकून द्या, कैरीचं लोणचं सोडून.

पाण्याची सूचना नीट वाचा. सांता रोझा आणि पॅराडाइज दोन्हीकडे आगीनंतर नळाच्या पाण्यात बेंझिन सापडलं होतं. ते पाणी उकळून चालत नाही.

विम्याचा दावा लगेच नोंदवा, घर उभं असलं तरी. धुराचं नुकसान आणि हॉटेलचा खर्च बऱ्याच पॉलिसींत बसतो, पावत्या ठेवा. आणीबाणी जाहीर झाल्यावर हॉटेल किंवा घरभाडं दहा टक्क्यांहून जास्त वाढवणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, तेव्हा अव्वाच्या सव्वा भाडं मागणाऱ्याची तक्रार करता येते.

फेमाची (केंद्र सरकारच्या आपत्ती विभागाची) रोख मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित अशा मोजक्या गटांनाच मिळते. एच-१बी, एफ-१ किंवा पर्यटक व्हिसावर ती मिळत नाही. पण घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या वतीने पालकांना अर्ज करता येतो, आणि हे माहीत नसल्यामुळे आपले बरेच लोक अर्जच करत नाहीत. रेड क्रॉसच्या निवाऱ्यात झोपायला आणि जेवायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट जळाला असेल तर आधी पोलिसांत नोंद, मग भारतीय वकिलातीकडे नवीन पासपोर्टचा अर्ज. दुसरीकडे राहायला गेलात तर दहा दिवसांच्या आत एआर-११ भरून इमिग्रेशनला पत्ता कळवा. ऑनलाइन होतं, फुकट आहे. पोस्टातही पत्ता बदला.